गुरूवर शंका घेणारा हकीम

आज आपण साधारण अकराशे वर्षं मागे जाणार आहोत, इराणमधल्या रय नावाच्या शहरात. आजच्या तेहरानच्या दक्षिणेला हे जुनं शहर. तेहरान वाढत गेलं आणि त्यानं रयला पोटात घेतलं, पुण्यानं आजूबाजूची गावं घेतली तसंच. या शहरातल्या माणसाला म्हणायचे 'राझी'. नाशिकचा तो नाशिककर, साताऱ्याचा तो सातारकर, तसा रयचा तो राझी. त्यामुळे इतिहासात राझी पुष्कळ सापडतात, आणि आजच्या भागात तर दोन राझी एकमेकांशी वाद घालणार आहेत. तेव्हा जरा लक्ष ठेवून ऐका.

आपला मुख्य राझी म्हणजे अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल-राझी. जन्म इ.स. ८६५ च्या सुमारास, मृत्यू बहुधा ९२५ मध्ये. 'हकीम' हा शब्द आपण वैद्य या अर्थानं वापरतो, पण अरबीत त्याचा मूळ अर्थ शहाणा, ज्ञानी माणूस. राझी या दोन्ही अर्थांनी हकीम होता. दिवसा रुग्ण पाहायचे, रात्री लिहायचं, आणि लिहायचं ते फक्त काढ्या-चूर्णांबद्दल नाही, तर आत्मा म्हणजे काय, काळ म्हणजे काय, माणसाला ज्ञान कुठून मिळतं, अशा विषयांवर. मला त्याच्याबद्दल बोलायचंय ते एका प्रश्नासाठी. ज्याच्याकडून आपण सगळं शिकलो, त्याचंच चुकतंय असं दिसलं तर काय करायचं? आणि चुकतंय हे तरी कशावरून ठरवायचं?

तरुणपणी तो ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवायचा असं चरित्रकार सांगतात. कुणी म्हणतं सराफी करायचा. किमयेचा नाद तर होताच, म्हणजे हलक्या धातूंपासून सोनं बनवण्याचा. वैद्यकाकडे तो तसा उशिराच वळला. पुढे रयच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि मग बगदादच्या.

बगदादवरून आठवलं. तुम्ही कदाचित एक रील पाहिलं असेल: रुग्णालय कुठे बांधायचं हे ठरवायला राझीनं शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले, आणि जिथे मांस सगळ्यात उशिरा नासलं ती जागा निवडली. गोष्ट झकास आहे. पण ती सांगितली जाते अदुदी रुग्णालयाबद्दल, आणि ते बांधणारा अदुद अद-दौला हा अमीर बगदादमध्ये सत्तेवर आला तेव्हा राझीला जाऊन अर्धशतक उलटलं होतं. तेराव्या शतकातल्या इब्न अबी उसैबिया या चरित्रकारालाही हा घोळ दिसला होता. रील करणाऱ्यांना दिसत नाही.

त्यापेक्षा दुसरं एक वर्णन मला जास्त आवडतं. इब्न अन-नदीम नावाचा बगदादचा एक माणूस होता, पुस्तकांच्या व्यवसायातला. त्यानं ९८७-८८ च्या सुमारास पुस्तकांची एक प्रचंड यादी तयार केली. त्यात तो रयमधल्या एका म्हाताऱ्याच्या आठवणी देतो. राझी म्हणे मोठ्या डोक्याचा वृद्ध माणूस होता. तो मध्ये बसायचा, त्याच्यापुढे त्याचे शिष्य, त्यांच्यापुढे शिष्यांचे शिष्य, आणि त्यांच्यापुढे आणखी एक रांग. रुग्ण यायचा तो पहिल्यांदा सगळ्यात बाहेरच्या रांगेला आपलं दुखणं सांगायचा. त्यांना जमलं तर ठीक. नाही जमलं तर मागची रांग. त्यांनाही नाही जमलं तर सगळ्यात शेवटी राझी. गरिबांशी तो प्रेमानं वागायचा, त्यांना पैसेही द्यायचा. जेव्हा पाहावं तेव्हा काहीतरी लिहीत असायचा. आणि त्याच्या डोळ्यांतून सतत पाणी यायचं, कारण, हा म्हाताऱ्याचा तर्क बरं का, तो बाकल्याचे दाणे फार खायचा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्या काळातलं वैद्यक शिकायचं म्हणजे गॅलन वाचायचा. अरबीत त्याला जालिनूस म्हणतात. हा ग्रीक वैद्य दुसऱ्या शतकातला, म्हणजे राझीच्या सुमारे सातशे वर्षं आधीचा. बगदादमध्ये नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जालिनूसचे ग्रंथ ढिगानं सिरियाक आणि अरबी भाषांत आणले होते. चार दोष, म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, हे सगळं त्यातलंच. जालिनूस म्हणाला म्हणजे झालं. आपल्याकडे म्हणतात ना, बाबावाक्यं प्रमाणम्.

आणि राझीनं एक पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'जालिनूसवरच्या शंका'.

या पुस्तकाची सुरुवात मला फार प्रामाणिक वाटते. राझी आधी सांगतो की लोक मला नावं ठेवणार हे मला माहीत आहे. ज्या माणसाचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत, ज्याच्या ज्ञानाच्या समुद्रातून मी प्यायलो, त्याच्याच विरुद्ध लिहिताना मलाही जड जातंय. पण वैद्यक आणि तत्त्वज्ञान या विद्याच अशा आहेत की त्यात मोठ्या माणसाचं म्हणणं केवळ तो मोठा आहे म्हणून स्वीकारता येत नाही. आणि जालिनूसनं स्वतः हेच केलं होतं की! पुरावा न मागता गुरूच्या मागे जाणाऱ्यांना त्यानंच झोडपलं होतं. म्हणजे राझीचं म्हणणं असं की, मी त्याच्या चुका काढतोय तो त्याचा शिष्य आहे म्हणूनच काढतोय.

मग तो एका आक्षेपाला उत्तर देतो. आक्षेप असा: नंतर आलेला माणूस आधीच्या थोरांपेक्षा शहाणा कसा असेल? राझी म्हणतो, शहाणा असायची गरजच नाही. आधीच्यांनी आयुष्यभर खपून जे शोधलं ते नंतरच्याला थोड्या दिवसांत शिकता येतं. पूर्वज कमावणारे, आपण वारस. बापजाद्यांची मिळकत हातात असेल तर त्यावर आणखी कमावणं सोपं जातं. एवढाच फरक. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणी ज्ञानाबद्दल असं बोलतंय हे ऐकून मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो होतो. कारण 'जुनं ते सोनं, आपला काळ पडता काळ' ही भावना तेव्हा जगभर होती, आणि आजही आपल्या घरातल्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतेच.

पण नुसतं तत्त्व सांगणं सोपं असतं. राझीकडे जालिनूसच्या विरुद्ध ठेवायला होतं काय? तर रुग्णालय. ताप कसा चढतो, कसा उतरतो, कुठल्या दिवशी कलाटणी मिळते, याचं जालिनूसनं वर्णन केलं होतं. राझी सांगतो की बगदाद आणि रयच्या रुग्णालयांत मी जे ताप पाहिले, त्यात जालिनूसच्या वर्णनाप्रमाणे न चालणारे ताप जवळजवळ तितकेच होते जितके त्याप्रमाणे चालणारे होते. हे वाक्य एका मोजणाऱ्या माणसाचं आहे. एखादा चमत्कारिक रुग्ण पाहिला आणि सिद्धान्त मोडला, असं तो म्हणत नाही.

मोजण्याचा हा नाद त्याला कुठवर घेऊन गेला ते आता ऐका, कारण इथे गोष्ट जरा अवघड होते.

'सरसाम' नावाच्या आजाराचं वर्णन त्याच्या टिपणांत आहे. लक्षणांवरून तो आजच्या मेनिंजायटिसशी, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेशी बराच जुळतो. डोकं आणि मान जड होते, दुखते, उजेड सहन होत नाही, डोळ्यांतून पाणी येतं, झोप लागत नाही. अशी लक्षणं दिसायला लागली की शीर उघडून रक्त काढावं, आयुर्वेदात ज्याला रक्तमोक्षण म्हणतात ते करावं, असा त्याचा सल्ला. आणि पुढे तो सांगतो: एकदा मी एका गटाचं रक्त काढलं आणि ते वाचले. दुसऱ्या गटाचं मी मुद्दाम काढलं नाही, कारण मला या उपायाबद्दल नक्की काय ते ठरवायचं होतं. त्या दुसऱ्या गटातल्या सगळ्यांना सरसाम झाला.

मुद्दाम.

वैद्यकाच्या इतिहासात हा उतारा खूप गाजलाय. आज नवीन औषधाची चाचणी करताना दोन गट करतात, एकाला औषध देतात आणि दुसऱ्याला देत नाहीत, त्याचं हे फार जुनं रूप आहे असं सांगितलं जातं. आणि ते खरंही आहे. पण इतकंच सांगून पुढे जायला माझं मन घेत नाही. पहिली गोष्ट, त्या दुसऱ्या गटातल्या माणसांना कुणी विचारलं होतं का? त्या काळात विचारायची पद्धतच नव्हती, मान्य. तरी वाचताना अंगावर काटा येतो. ज्याला स्वतःला रक्त काढण्यानं माणूस वाचतो असं वाटत होतं, त्यानं काही माणसांना ते नाकारलं. आणि दुसरी गोष्ट याहून विचित्र: आज आपल्याला माहीत आहे की रक्त काढून मेनिंजायटिस टळत नाही. म्हणजे पद्धत आजच्यासारखी, आणि निष्कर्ष चुकीचा! रुग्ण किती होते, दोन्ही गटांत आधीपासून फरक होता का, हे काहीच त्यानं नोंदलेलं नाही. गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हे ठरवणं एक, आणि स्वतःच्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणं दुसरं. हा दुसरा प्रश्न सुटायला आणखी हजारेक वर्षं लागली.

पण जिथे नुसतं नीट पाहायचं होतं तिथे राझीचा हात धरणारा कुणी नव्हता. देवी आणि गोवर. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा तो गोल व्रण पाहिला असेल तुम्ही. देवीचा रोग जगातून गेला, जागतिक आरोग्य संघटनेनं ते १९८० साली जाहीर केलं. राझीच्या काळात मात्र पोरं देवीतून वाचली तर वाचली अशी स्थिती. देवी आणि गोवर, दोन्हींत ताप आणि अंगावर पुरळ, त्यामुळे सुरुवातीला कुठला कुठला हे कळायचं नाही. राझीनं या दोघांवर एक स्वतंत्र छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं दोन्हींची लक्षणं शेजारी शेजारी ठेवून सांगितलं: देवीत पाठ जास्त दुखते, गोवरात जीव घाबराघुबरा होतो आणि मळमळ जास्त असते. देवी का येते याचं त्याचं स्पष्टीकरण आज टिकणारं नाही. लहान मुलांचं रक्त म्हणजे नवा द्राक्षरस, तो आंबताना फसफसतो, तसं होतं म्हणे. पण लक्षणं पाहण्यात इतकी बारकाई होती की हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, नंतर युरोपातल्या इतर भाषांत गेला, आणि १८४८ मध्ये लंडनमध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. म्हणजे लिहिल्यानंतर नऊशेपेक्षा जास्त वर्षांनी.

हा झाला शरीराचा वैद्य. आता आत्म्याचा.

रयचा सुभेदार मन्सूर इब्न इसहाक याच्यासाठी राझीनं शरीराच्या वैद्यकावर एक ग्रंथ लिहिला होता, 'किताब अल-मन्सूरी'. त्याच्या जोडीला त्यानं दुसरं एक पुस्तक त्यालाच अर्पण केलं: 'अत-तिब्ब अर-रूहानी', म्हणजे आत्म्याचं वैद्यक. वीस छोटी प्रकरणं. राग, मत्सर, खोटं बोलणं, कंजूषपणा, दारू, अतिखाणं, प्रेमात वेडं होणं, काळजी, आणि शेवटचं प्रकरण मृत्यूच्या भीतीवर. सुरुवात होते ती बुद्धीच्या स्तुतीनं. बुद्धी ही देवानं दिलेली सगळ्यात मोठी देणगी, तिला मालक ठेवा, वासनेची मोलकरीण करू नका, असा सूर.

तुम्ही म्हणाल, हे तर सगळेच सांगतात. बरोबर. पण चौथं प्रकरण वाचा. माणसाला स्वतःचे दोष कसे कळणार? राझीचं उत्तर: कळणारच नाहीत, कारण आपलं आपल्यावर प्रेम असतं. म्हणून एखादा समजूतदार माणूस शोधा, जो रोज तुमच्या सोबत असतो. त्याला विनवणी करा की माझ्यात जे खटकतं ते सांग. तो पहिल्यांदा सांगणार नाही, भीड पडेल. मागे लागा. सांगितल्यावर तोंड वाकडं करू नका, उलट आनंद दाखवा, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. थोडंच सांगितलं तर तक्रार करा. शिवाय शेजारीपाजारी आपल्याबद्दल काय बोलतात त्याची खबर ठेवा. आणि शत्रूचंही ऐका, तो तर फुकट आणि मन लावून दोष शोधतो. इथे तो पुन्हा जालिनूसचाच हवाला देतो, ज्यानं शत्रूंपासून होणाऱ्या फायद्यावर लिहिलं होतं.

रुग्णालयातली पद्धत आणि ही पद्धत एकच आहे, लक्षात येतंय का? स्वतःच्या मनातल्या चित्रावर विसंबू नका, बाहेरून तपासा. जालिनूसच्या बाबतीत जी सवलत नाही ती स्वतःच्या बाबतीतही नाही.

मृत्यूच्या भीतीचं प्रकरण तर एखाद्या डॉक्टरनं रुग्णाच्या खाटेशेजारी बसून बोलावं तसं आहे. मेल्यावर आत्माही संपतो असं तुम्ही मानत असाल तर दुखायला कुणी उरणारच नाही, मग भीती कसली? आत्मा उरतो असं मानत असाल आणि नीट वागला असाल, तर भीती कसली? दोन्ही बाजूंनी तो दार लावून घेतो. मला स्वतःला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. भीती अशी गणितानं जात नाही. पण रोज मरण पाहणाऱ्या माणसानं तो लिहिलाय, म्हणून मी तो हसण्यावारीही नेत नाही.

पुढे त्याच्यावरच टीका झाली. तू स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवतोस आणि सॉक्रेटिससारखा विरक्त राहत नाहीस, राजेलोकांत उठबस करतोस! त्यावर त्यानं 'तत्त्वज्ञाचं जीवन' असं एक छोटं पुस्तक लिहून उत्तर दिलं. त्यात तो म्हणतो, सॉक्रेटिस तरुणपणी तसा होता, नंतर त्यानं लग्न केलं, मुलंबाळं झाली, लढाईला गेला, मेजवान्यांना गेला. स्वतःच्या जिवाला उगाच छळणं म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. देव दयाळू आहे, त्याला कुणाचंही दुःख आवडत नाही, म्हणून आपणही कुणाला विनाकारण दुःख देऊ नये. स्वतःला नाही, दुसऱ्याला नाही, आणि जनावरांनाही नाही. गंमत म्हणून शिकार करणं, जनावरावर त्याला झेपणार नाही इतकं ओझं लादणं, हे त्याला मान्य नाही. शरीर जाळून घेणाऱ्या, अणकुचीदार खिळ्यांवर स्वतःला झोकून देणाऱ्या भारतातल्या तपस्व्यांचा उल्लेखही तिथे येतो, नापसंतीनं. त्याच दमात ख्रिस्ती संन्यासी आणि मशिदीत बसून राहणारे कामधंदा सोडलेले मुसलमान यांचाही. कुणालाच सोडलेलं नाही.

त्याच पुस्तकात तो आपल्या कामाचा हिशेब देतो. एका वर्षात वीस हजारांहून जास्त पानं लिहिली, तीही ताईत लिहितात तसल्या बारीक अक्षरात. एका मोठ्या वैद्यकीय संग्रहावर पंधरा वर्षं रात्रंदिवस काम केलं. नजर गेली, हाताची शीर कामातून गेली. आता स्वतःला वाचता-लिहिता येत नाही, तरी दुसऱ्याकडून वाचून घेतो, लिहून घेतो. बाकल्याच्या दाण्यांपेक्षा डोळ्यांचं हे कारण मला जास्त पटतं.

आता आपल्या दुसऱ्या राझीची एंट्री. अबू हातिम अल-राझी. हाही रयचाच, इस्माइली पंथाचा प्रचारक, आणि अतिशय हुशार माणूस. या दोघांचे वाद झाले आणि अबू हातिमनं ते आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. त्यात तो समोरच्याचं नाव घेत नाही, नुसतं 'पाखंडी' म्हणतो. त्याच पंथाच्या पुढच्या एका लेखकानं हा पाखंडी म्हणजे आपला वैद्य राझी असं सांगितलं. म्हणजे ही हकीकत आपल्याला विरोधकाच्या तोंडून कळते, हे डोक्यात ठेवूनच ऐकायचं. राझीला नेमकं काय म्हणायचं होतं यावर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहेत.

अबू हातिमच्या पुस्तकातला राझी म्हणतो: देव जर शहाणा आणि दयाळू आहे, तर चांगलं-वाईट ओळखायची शक्ती त्यानं सगळ्यांनाच दिली असणार. मोजक्या माणसांना निवडून बाकीच्यांना त्यांच्या मागे चालायला लावलं, तर ज्याचे त्याचे नेते वेगळे होणार, आणि मग एकमेकांची डोकी फुटणार.

अबू हातिम लगेच कोपऱ्यात पकडतो. जगात बघ ना, कुणी शिकवतो, कुणी शिकतो. सगळ्यांना सारखं कुठे कळतं? तू तरी म्हणतोस ना की मला इतरांपेक्षा जास्त कळतं?

यावर राझीचं उत्तर माझ्या मते सगळ्या वादातलं सगळ्यात सुंदर आहे. तो म्हणतो, मला जास्त कळतं ते मी त्यासाठी खपलो म्हणून. इतरांना कळत नाही ते त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही म्हणून, अक्कल कमी आहे म्हणून नाही. एखाद्या अडाणी माणसाकडे त्याच्या धंद्यात बघ, पोट भरण्याच्या कामात त्याला किती बारकावे सुचतात! तितकी बुद्धी तो इकडे लावेल तर माझ्या जागी येईल.

मंडईत तोंडी हिशेब करणारी भाजीवाली मावशी आठवा, म्हणजे राझी काय म्हणतोय ते लगेच पोचेल.

पण अबू हातिम सोडणारा नव्हता. तो विचारतो: तू जालिनूसला आणि इतर पूर्वजांना खोडलंस. उद्या तुझा शिष्य तुला खोडणार. परवा त्याचा शिष्य त्याला. मग सत्य कुणाच्या हाती लागणार, आणि सामान्य माणसानं विश्वास तरी कुणावर ठेवायचा?

मंडळी, हा प्रश्न आजचा आहे. 'स्वतः शोध घ्या, डॉक्टरांवर विश्वास ठेवू नका' असं म्हणत लशींच्या विरोधात व्हिडिओ टाकणारा माणूस वरवर राझीचीच भाषा बोलतो. आणि आपल्याला ताप आला की आपण काही स्वतः प्रयोग करत नाही, कुणाच्या तरी शब्दावर गोळी घेतोच. तेव्हा अबू हातिमला धर्मवेडा म्हणून बाजूला सारता येणार नाही. ज्ञान म्हणजे मोठ्या प्रमाणात विश्वासही असतो, हे त्याला राझीपेक्षा नीट दिसलं होतं असं माझं मत.

फरक मला दिसतो तो इतकाच. जालिनूसवर शंका घेण्याआधी राझीनं जालिनूस आयुष्यभर वाचला होता, त्याच्यावरच रुग्ण बरे केले होते, आणि शंका घेताना कुठल्या रुग्णालयात काय दिसलं ते सांगितलं होतं. याच माणसानं लोक चांगले वैद्य सोडून भोंदूंकडे का जातात यावरही लिहिलं, आणि निष्णात वैद्यालाही सगळे रोग बरे करता येत नाहीत असंही लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला सांगाव्याशा वाटल्या.

अबू हातिमला त्यानं जे उत्तर दिलं त्यात मात्र रुग्णालय नाही, आत्मा आहे. शोधणारा शेवटपर्यंत पोचला नाही तरी चालेल, शोधताना त्याचा आत्मा या जगातल्या गाळातून निर्मळ होत जातो, असं तो म्हणाला. हे कळायला त्याचं आत्म्याबद्दलचं मत ठाऊक हवं. राझीच्या मते पाच गोष्टी अनादी आहेत: देव, आत्मा, द्रव्य, काळ आणि अवकाश. आत्मा जिवंत आहे पण अजाण आहे. तो द्रव्याच्या प्रेमात पडला आणि त्यातून हे जग झालं. देवानं त्याला अडवलं का नाही? राझी दाखला देतो एका बापाचा. लहान पोराला बागेत जायचंय. बागेत फुलं आहेत, पण काटे आणि डंख मारणारे किडेही आहेत. बापाला ते माहीत आहे. तो पोराला बांधून ठेवू शकतो. तरी तो त्याला जाऊ देतो, कारण काटा टोचल्याशिवाय पोराला कळणार नाही. आणि मग आत्म्याला भानावर आणायला देव बुद्धी देतो.

म्हणजे त्याच्या जगात आत्मासुद्धा अनुभवातूनच शिकतो. सरसामच्या रुग्णांपाशी बसलेला राझी आणि हा राझी एकच.

त्याच्या या मतांवर सगळ्या बाजूंनी टीका झाली. इब्न सीनानं तर अल-बिरूनीला लिहिलेल्या उत्तरात टोमणा मारला की या माणसानं गळवं फोडावीत, लघवी तपासावी, आपल्या पायरीनं राहावं. अल-बिरूनी म्हणजे तोच, ज्यानं भारतावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यालाही राझीची धर्मविषयक मतं रुचत नव्हती, तरी त्यानं मेहनत घेऊन राझीच्या पुस्तकांची यादी केली, १८४ नावांची. तत्त्वज्ञानाची त्यातली बहुतेक पुस्तकं आज नाहीत. कुणी जपली नाहीत.

वैद्यकाची टिपणं मात्र वाचली, तीही थोडक्यात. राझी शेवटी पूर्ण आंधळा झाला. शस्त्रक्रिया करायला आलेल्याला त्यानं डोळ्याला पडदे किती असतात ते विचारलं, त्याला सांगता आलं नाही, तर त्याला परत पाठवलं अशी दंतकथा आहे. तो गेल्यावर टिपणांचे गठ्ठे त्याच्या बहिणीकडे राहिले. रयचा वजीर इब्न अल-अमीद यानं ते तिच्याकडून मिळवले, राझीच्या शिष्यांना बसवून लावून घेतले, आणि त्यातून 'किताब अल-हावी' हा अवाढव्य ग्रंथ झाला. १२७९ मध्ये सिसिलीच्या राजासाठी फरज बेन सालिम या ज्यू वैद्यानं त्याचं लॅटिन भाषांतर पूर्ण केलं.

आणि मूळ अरबी ग्रंथ पहिल्यांदा पूर्ण छापला गेला तो कुठे? हैदराबादला. तिथल्या दाइरतुल मआरिफ या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेनं १९५५ पासून तो तेवीस भागांत काढला. छपाई सुरू झाली तेव्हा आपला मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता.

'हावी'ची रचना अशी आहे: एकेका आजाराखाली आधी इतरांची मतं, नाव घालून. जालिनूस म्हणतो असं. अमका सिरियाक वैद्य म्हणतो तसं. मध्येच 'शरक अल-हिंदी' म्हणतो, म्हणजे आपला चरक, जो अब्बासी खलिफांच्या काळात अरबीत पोचला होता. प्रत्येकाला ज्याचं त्याचं श्रेय. आणि मग ओळीत एक छोटासा शब्द येतो, 'ली'. अरबीत त्याचा अर्थ 'माझं'. त्याच्यापुढे राझी स्वतःला काय दिसलं ते लिहितो, आणि पुढच्या आजाराकडे जातो.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू.